विश्लेषण : फक्त ठिपक्यांवरून हरवलेली बुद्धमूर्ती संगणकावर कशी उभी राहते? त्यात मोजलेले किती, अंदाज किती?

लेझर स्कॅनर, ड्रोन किंवा मोबाइलचा कॅमेरा एखाद्या वस्तूचा थ्रीडी आकार टिपतो, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ही उपकरणे आकार टिपतच नाहीत. ती टिपतात फक्त ठिपके. त्या लाखो ठिपक्यांमधून मूळ वस्तूचा पृष्ठभाग शोधून काढण्याचे काम संगणकीय भूमितीचे. उद्ध्वस्त झालेली बुद्धमूर्ती असो, जळालेले चर्च असो, दाताची कॅप असो किंवा गावठाणाची मोजणी, सगळीकडे हेच गणित वापरले जाते. ते कधी बिनचूक उत्तर देते आणि कधी चुकते, याचा वेध.

बामियानमध्ये काय घडले?

अफगाणिस्तानातील बामियान खोऱ्यात डोंगरकड्यात कोरलेल्या दोन भव्य बुद्धमूर्ती होत्या. युनेस्कोच्या नोंदीनुसार मोठी मूर्ती ५५ मीटर, तर लहान मूर्ती ३८ मीटर उंच होती. मूर्तींचा गाभा दगडात कोरलेला होता. त्यावर माती आणि भुशाचे लिंपण करून अंगावरील वस्त्राच्या चुण्यांसारखे तपशील घडवले होते. १९६९ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकांनीही येथे जतनाचे काम केले होते. मार्च २००१ मध्ये तालिबानने या मूर्ती सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. मागे उरले ते रिकामे कोनाडे आणि खाली पडलेला मलबा.

त्यानंतर झुरिचमधील ‘ईटीएच’ या तंत्रज्ञान संस्थेत आर्मिन ग्रून, फाबिओ रेमोंदिनो आणि ली झांग यांनी मोठ्या मूर्तीची संगणकीय प्रतिकृती करायला घेतली. मूर्ती शिल्लक नव्हती, त्यामुळे स्कॅन करण्याचा प्रश्नच नव्हता. हाताशी होती ती फक्त छायाचित्रे. काही इंटरनेटवरची, काही पर्यटकांनी काढलेली. सर्वांत मोलाची ठरली ती १९७० मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथील प्राध्यापक कोस्त्का यांनी मोजणीच्या खास कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे.

छायाचित्रांतून ठिपके कसे मिळतात?

एक डोळा मिटून, मग दुसरा डोळा मिटून समोर धरलेल्या बोटाकडे पाहिले तर बोट जागा बदलल्यासारखे दिसते. बोट जितके जवळ, तितकी ही सरक जास्त. दोन वेगळ्या जागांवरून काढलेल्या छायाचित्रांतही हेच होते. एखादी भेग किंवा डाग दोन्ही छायाचित्रांत ओळखता आला आणि दोन्ही वेळी कॅमेरा कुठे होता हे कळले, की त्या डागाचे अवकाशातील नेमके स्थान काढता येते. या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात. लेझर स्कॅनर हेच काम वेगळ्या पद्धतीने करतो. तो प्रकाशकिरण सोडतो आणि परत आलेल्या किरणावरून अंतर मोजतो.

पद्धत कोणतीही असो, शेवटी हाती येते ती आकड्यांची यादी. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे : किती डावी-उजवीकडे, किती वर-खाली, किती पुढे-मागे. अशा यादीला ‘पॉइंट क्लाउड’, म्हणजे बिंदूंचा ढग म्हणतात. त्यात कुठला ठिपका कुणाचा शेजारी, कुठले नाकावरचे आणि कुठले गालावरचे, याची नोंद नसते.

मग ठिपके जोडणे एवढे अवघड का?

लहान मुलांच्या कोड्यांच्या पुस्तकात ठिपके जोडून हत्ती किंवा जहाज काढायचे असते. ते सोपे असते, कारण प्रत्येक ठिपक्यावर क्रमांक दिलेला असतो. आता सगळे क्रमांक पुसून टाकले आणि काय काढायचे तेही सांगितले नाही, तर? संगणकासमोरचा प्रश्न नेमका हा आहे.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे लगेच पटेल. सात ठिपके, सात ओळी असा पाया घातला, की त्यावर एकीच्या हातून कमळ उमटते, दुसरीच्या हातून कासव. ठिपके तेच, पण कोण कुणाशी जोडायचा हे बदलले की आकार बदलतो. म्हणजे केवळ ठिपक्यांवरून आकार ठरत नाही. त्याच ठिपक्यांतून जाणारे अगणित आकार असू शकतात. त्यातला मूळ आकार कोणता हे सांगण्यासाठी आणखी काहीतरी गृहीत धरावे लागते.

सर्वांत साधा उपाय म्हणजे जवळचे ठिपके जोडत जाणे. पण ‘जवळचा’ ठिपका नेहमी शेजारीच असतो असे नाही. वस्त्राच्या दोन चुण्या एकमेकींना खेटून असतील, तर एका चुणीवरच्या ठिपक्याला समोरच्या चुणीवरचा ठिपका अधिक जवळचा वाटू शकतो. संगणक त्यांना जोडून टाकतो आणि दोन चुण्यांची एकच गुठळी होते. बोटे जुळवलेल्या हाताचे स्कॅन असेल, तर बोटांमध्ये बदकाच्या पायासारखे पडदे तयार होतात.

शेजारी कोण, हे भूमिती कसे ठरवते?

इथे शंभर वर्षांहून जुने गणित कामी येते. समजा, एका गावात काही विहिरी आहेत आणि प्रत्येक घर सर्वांत जवळच्या विहिरीवरच पाणी भरते. मग गावाचे आपोआप भाग पडतात, प्रत्येक विहिरीचा आपला इलाखा. दोन इलाख्यांच्या सीमेवरच्या घराला दोन विहिरी सारख्याच अंतरावर असतात. तीन इलाखे जिथे मिळतात तिथल्या घराला तीन विहिरी सारख्याच लांब. अशा विभागणीला ‘व्होरोनॉय आकृती’ म्हणतात. आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले गणिती गेऑर्गी व्होरोनॉय यांनी १९०८ मध्ये तिचा सर्वसाधारण अभ्यास मांडला.

आता ज्या दोन विहिरींच्या इलाख्यांची सीमा सामाईक आहे, त्या दोन विहिरी रेषेने जोडल्या तर साऱ्या गावावर त्रिकोणांचे जाळे तयार होते. या जाळ्याला रशियन गणिती बोरिस डेलोने यांचे नाव मिळाले. त्यांचा यावरील निबंध १९३४ चा. या जाळ्याची एक खासियत आहे. त्यातील कुठल्याही त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणारे वर्तुळ काढले, तर त्या वर्तुळाच्या आत दुसरा एकही ठिपका येत नाही. त्यामुळे शेजारी कोण, याचे उत्तर अंदाजाने ठरत नाही, ते एका नियमातून येते.

पण हे जाळे सगळीकडे पसरते. वस्तूच्या आत, बाहेर, दोन चुण्यांच्या मधल्या पोकळीतही. मूळ आकाराची रेषा याच जाळ्यात कुठेतरी दडलेली असते. प्रश्न उरतो तो जाळ्यातल्या कुठल्या रेषा ठेवायच्या आणि कुठल्या पुसायच्या, हा.

ठिपके किती दाट हवेत?

या क्षेत्रातला कळीचा प्रश्न हाच. ‘प्रत्येक सेंटीमीटरला एक ठिपका’ असे सरसकट उत्तर देता येत नाही. सपाट भिंतीसाठी एवढे ठिपके वाया जातील आणि नाकपुडीसाठी ते कमी पडतील.

उत्तरासाठी ‘मध्यरेषा’ समजून घ्यावी लागते. वाळलेल्या गवताच्या शेताची कल्पना करा. शेताच्या संपूर्ण बांधाला एकाच क्षणी आग लावली. आग सगळीकडून सारख्याच वेगाने आत सरकते. वेगवेगळ्या बाजूंनी आलेल्या ज्वाळा जिथे एकमेकींना भिडतात आणि विझतात, त्या जागांची मिळून होते मध्यरेषा. हॅरी ब्लम यांनी १९६७ मध्ये सजीवांच्या आकारांचे वर्णन करण्यासाठी ही कल्पना मांडली. अशी मध्यरेषा आकाराच्या बाहेरच्या बाजूलाही असते. दोन चुण्यांच्या मधल्या फटीतून जाते ती बाहेरची मध्यरेषा.

आता आकाराच्या कडेवरची कुठलीही जागा घ्या आणि तिथून मध्यरेषा किती लांब आहे ते पाहा. सपाट, मोकळ्या भागात ती लांब असते. वळण तीव्र असेल किंवा समोरची बाजू जवळ असेल, तर मध्यरेषाही जवळ येते. म्हणजे या एकाच अंतरावरून कळते की त्या जागी आकार किती नाजूक आहे. ठिपके किती दाट हवेत, हे या अंतराच्या प्रमाणात ठरवायचे.

नीना अमेंटा, मार्शल बर्न आणि डेव्हिड एपस्टीन यांनी १९९८ मध्ये यावर आधारित एक सिद्धांत प्रसिद्ध केला. सपाट कागदावरील गुळगुळीत वक्ररेषेच्या प्रत्येक जागेपासून सर्वांत जवळचा ठिपका, त्या जागेच्या मध्यरेषेपर्यंतच्या अंतराच्या ०.२५२ पटीहून, म्हणजे साधारण पावपटीहून, जवळ असेल तर त्यांचा अल्गोरिदम मूळ वक्ररेषेप्रमाणेच ठिपके जोडतो, हे त्यांनी सिद्ध केले. उदाहरणार्थ, मध्यरेषा ४० मिलिमीटर लांब असेल तर १० मिलिमीटरच्या आत एक ठिपका पुरतो. फट अरुंद होऊन मध्यरेषा ४ मिलिमीटरवर आली, तर एका मिलिमीटरच्या आत ठिपका हवा.

या निकालाचे महत्त्व मोठे होते. त्याआधी प्रचलित असलेल्या अनेक पद्धती व्यवहारात चालत. पण त्या कधी चालतील आणि कधी फसतील हे आधी सांगता येत नसे. इथे पहिल्यांदाच आकाराच्या नाजूकपणानुसार बदलणारी अट आणि तिच्या बदल्यात हमी, असा करार मिळाला.

हा अल्गोरिदम चालतो कसा?

त्याचे नाव ‘क्रस्ट’, म्हणजे पापुद्रा. कल्पना सोपी आहे. आधी ठिपक्यांची व्होरोनॉय आकृती काढायची. तीन इलाखे जिथे मिळतात ते कोपरे टिपायचे. ठिपके पुरेसे दाट असतील तर हे कोपरे मध्यरेषेच्या आसपास पडतात. मग मूळ ठिपके आणि हे कोपरे एकत्र घेऊन नव्याने डेलोनेचे जाळे विणायचे. शेवटी, ज्या रेषांची दोन्ही टोके मूळ ठिपक्यांवर आहेत तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या पुसायच्या.

यात कोपऱ्यांची भूमिका राखणदाराची. एका चुणीवरून समोरच्या चुणीवर उडी मारणारी चुकीची रेषा मधल्या फटीतून जाते. त्या फटीत मध्यरेषेवरचे राखणदार उभे असल्याने ती रेषा जाळ्यात टिकतच नाही. खऱ्या शेजाऱ्यांना जोडणारी रेषा मात्र कडेलगत जाते, तिच्या वाटेत कुणी येत नाही.

कागदावरून मूर्तीकडे येताना काय बदलते?

रेषेऐवजी पृष्ठभाग आला की अडचण वाढते. त्रिमितीत व्होरोनॉयचे सगळे कोपरे मध्यभागी पडत नाहीत, काही पृष्ठभागाला अगदी चिकटूनही पडतात. असे राखणदार खऱ्या त्रिकोणांनाच तोडून टाकतील. त्यावर अमेंटा आणि बर्न यांनी तोडगा काढला. पृष्ठभागावरच्या ठिपक्याचा इलाखा हा लांबट, पेन्सिलीसारखा असतो आणि तो पृष्ठभागाला काटकोनात उभा असतो. त्याची सर्वांत लांबची टोके तेवढी राखणदार म्हणून घ्यायची. या टोकांना ‘पोल’ म्हणतात.

पेन्सिल ज्या दिशेला उभी आहे, त्या दिशेवरून पृष्ठभाग कुठल्या बाजूला कललेला आहे हेही कळते. हीच गोष्ट वापरून अमेंटा, तमल डे आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘कोकोन’ हा अधिक सोपा अल्गोरिदम दिला. जादवपूर विद्यापीठ आणि बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले डे पुढे अमेरिकेतील ओहायो स्टेट आणि पर्ड्यू विद्यापीठांत प्राध्यापक झाले. या विषयावरचे त्यांचे पुस्तक केम्ब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले असून, अभ्यासकांसाठी ते महत्त्वाचा संदर्भग्रंथ मानले जाते.

ही हमी कधी लागू होत नाही?

अटी नीट वाचल्या तर तीन पळवाटा दिसतात. पहिली, धारदार कडा. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा पायरीच्या धारेवर मध्यरेषा थेट कोपऱ्याला येऊन टेकते. अंतर शून्य होते, म्हणजे अटीनुसार अनंत ठिपके हवेत. ते शक्य नाही. म्हणून इमारतींच्या मॉडेलमध्ये कडा अनेकदा झिजलेल्या साबणासारख्या गोल दिसतात. त्यासाठी कडा वेगळ्या ओळखणाऱ्या पद्धती लागतात.

दुसरी, मोजणीतली थरथर. सिद्धांत धरून चालतो की प्रत्येक ठिपका पृष्ठभागावरच आहे. प्रत्यक्षात स्कॅनरचा ठिपका थोडा पुढे-मागे पडतो. चकाकता संगमरवर, काच, पाणी अशा जागी तर फारच. सगळेच ठिपके प्रामाणिकपणे जोडले तर गुळगुळीत गालही खरखरीत होतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, न दिसणाऱ्या जागा. काखेत, केसांच्या बटांमागे, कोनाड्याच्या पाठीमागे किरण पोहोचतच नाही. तिथे ठिपका नाही आणि जिथे ठिपका नाही तिथे कुठलाही सिद्धांत मदतीला येत नाही.

मग त्या मोकळ्या जागा कोण भरतो?

सॉफ्टवेअर भरते. २००६ मध्ये मायकेल काझदान, मॅथ्यू बोलिथो आणि ह्यूग हॉप यांनी मांडलेली ‘प्वासाँ’ पद्धत आज सर्वांत लोकप्रिय पद्धतींपैकी एक आहे. ती ठिपके एकेक जोडत बसत नाही. अवकाशातली कुठली जागा वस्तूच्या आत आणि कुठली बाहेर, हे सर्व ठिपक्यांचा एकत्रित विचार करून ती ठरवते आणि आत-बाहेरच्या सीमेवर पृष्ठभाग ओढते. त्यामुळे थोडीफार थरथर पचते. पण तिचा कल बंद, सलग पृष्ठभाग देण्याकडे असतो. ठिपके नसलेल्या जागेवरही ती फुग्यासारखा गुळगुळीत पडदा ताणून देते. पडद्यावर पाहणाऱ्याला हा भाग आणि मोजलेला भाग यांत फरक दिसत नाही.

मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लिव्हॉय यांच्या चमूने १९९८-९९ मध्ये इटलीत मुक्काम करून हा पुतळा लेझरने स्कॅन केला. छिन्नीच्या खुणाही दिसाव्यात म्हणून सुमारे पाव मिलिमीटरचा बारकावा ठेवण्यात आला. त्यातून सुमारे २०० कोटी त्रिकोणांचे मॉडेल आणि ७ हजार रंगीत छायाचित्रे जमा झाली. पुतळ्याची उंची ५१७ सेंटीमीटर निघाली. कलेतिहासाच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे ४३४ सेंटीमीटर छापले जात होते. एवढ्या काटेकोर मोहिमेतही खोल खाचांमध्ये लेझर पोहोचला नाही आणि मॉडेलला छिद्रे उरली. ती कशी भरावीत यासाठी स्टॅनफर्डच्याच संशोधकांना २००२ मध्ये स्वतंत्र पद्धत मांडावी लागली.

बामियानच्या मूर्तीत अंदाज कुठे कमी पडला?

झुरिचच्या चमूने आधी संगणकाला आपणहून तीन छायाचित्रांतले सारखे बिंदू शोधू दिले. मूर्तीचा एकंदर आकार चांगला उतरला. पण वस्त्राच्या बारीक चुण्या हरवल्या. कारण संगणक एका बिंदूपुरते पाहत नाही, बिंदूभोवतीचा छोटा चौकोन दुसऱ्या छायाचित्रात शोधतो. तो चौकोन चुणीपेक्षा मोठा असला, की चुणी सपाट होऊन जाते. मध्यरेषेच्या भाषेत सांगायचे, तर जिथे सर्वांत दाट ठिपके हवे होते, तिथेच ते नेमके विरळ किंवा पुसट होते.

अखेर माणसांनी बसून, छायाचित्रे पाहून हाताने मोजणी केली. मूर्तीवर २० सेंटीमीटरच्या अंतराने आडव्या ओळी घेतल्या. त्या ओळींवरचे बिंदू आणि चुण्यांच्या कडा स्वतंत्रपणे टिपल्या. त्यातून सुमारे ७६ हजार बिंदू मिळाले. तेही सरळ जोडता आले नाहीत. आडव्या दिशेने दाट आणि उभ्या दिशेने विरळ असल्याने तयार सॉफ्टवेअर गोंधळत होते. मग डेलोनेच्या त्रिकोणांचीच पद्धत या बिंदूंना जुळवून वापरली गेली. चुण्या परत दिसू लागल्या. या मॉडेलवरून मूळ मूर्तीच्या दोनशेपट लहान प्रतिकृतीही तयार करण्यात आली.

मूर्ती तिच्या जागी पुन्हा उभारावी की कोनाडे रिकामेच ठेवावेत, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र कुठलाही निर्णय झाला तरी मोठ्या मूर्तीच्या आकाराचा आधार असेल तो त्या जुन्या छायाचित्रांतून मिळालेल्या मोजमापांचा.

याचा सर्वसामान्यांशी काय संबंध?

दंतवैद्याकडे दाताची कॅप बसवताना आता अनेक ठिकाणी साच्याऐवजी तोंडात छोटा स्कॅनर फिरवला जातो. कॅप हिरडीजवळ जिथे दाताला टेकते ती कड सर्वांत महत्त्वाची. तिथे लाळ किंवा रक्त आले तर ठिपके नीट पडत नाहीत आणि सॉफ्टवेअर अंदाजे कड काढते. कॅप वरून छान दिसते; पण फट राहिली तर तिथे कीड लागू शकते. म्हणूनच ती कड कोरडी करून पुन्हा स्कॅन करण्याचा आग्रह योग्य ठरतो.

सीटी स्कॅनवरून हाडाचे थ्रीडी चित्र तयार होते, त्यामागे याच कुळातले गणित आहे. त्यासाठीची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे ठिपके विखुरलेले नसतात, नियमित जाळीत मांडलेले असतात, एवढा फरक.

महाराष्ट्रात आणि केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने केली जाते. एकमेकांवर चढणारी छायाचित्रे, त्यांतून ठिपके आणि त्यांवरून नकाशा, असा हा क्रम. पण ड्रोनला वरून दिसते ते छप्पर. पन्हळीखाली दडलेली भिंत किंवा झाडाखालचे कुंपण दिसत नाही. म्हणून उड्डाणाआधी मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखल्या जातात आणि नंतर प्रत्यक्ष जागेवर पडताळणी होते. चुन्याची ती पांढरी रेघ म्हणजे एका अर्थी, जिथे चूक परवडणार नाही तिथे मुद्दाम टाकलेले दाट ठिपके. पुढे मिळकत पत्रिका हातात आली, की वाद ठिपक्यांचा राहत नाही, हद्दीचा होतो.

नोत्र दामने काय शिकवले?

पॅरिसचे नोत्र दाम कॅथीड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत सापडले. छताचा लाकडी सांगाडा आणि मनोरा कोसळला. कलेतिहासाचे अभ्यासक अँड्र्यू टॅलन यांनी त्याआधी २०१० मध्ये ही इमारत लेझरने स्कॅन केली होती आणि त्यात १०० कोटींहून अधिक बिंदू होते. टॅलन यांचे २०१८ मध्ये निधन झाले होते. त्यांचे बिंदू मात्र शिल्लक राहिले. त्याच्याच जोडीला २०१४ च्या सुमारास रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्रांतसो या वास्तुविशारदांनी छताच्या लाकडी सांगाड्याची केलेली बारकाईची मोजणी आणि रेखाटनेही उपयोगी पडली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल पुन्हा खुले झाले.

भारतातही अशी कामे झाली आहेत. गुजरातमधील पाटणच्या ‘राणी की वाव’ या बारवेचे स्कॅनिंग २०११ मध्ये पुरातत्त्व विभागाच्या सहकार्याने ‘सायआर्क’ ही संस्था आणि स्कॉटलंडच्या चमूने केले. ‘सायआर्क’ची स्थापना २००३ मध्ये बेन काचिरा यांनी केली. इराकच्या मोसुलमध्ये जन्मलेल्या काचिरा यांनीच सुरुवातीच्या काळातील थ्रीडी लेझर स्कॅनर विकसित करण्यात पुढाकार घेतला होता. बामियानच्या विध्वंसानंतर वारशाची डिजिटल नोंद ठेवण्याच्या कामाकडे ते वळले.

थ्रीडी मॉडेल पाहताना कोणता प्रश्न विचारावा?

आता काही मोबाइलमध्येही लेझरने अंतर मोजणारा सेन्सर असतो. घरातली खुर्ची असो वा गावातले मंदिर, काही मिनिटांत त्याचे मॉडेल बनते आणि ते पडद्यावर फिरवून पाहता येते. पण मॉडेल सुबक दिसते म्हणून ते खरे ठरत नाही. गुळगुळीत भाग खरोखर गुळगुळीत असेल किंवा तिथे ठिपकेच नसतील.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच : यातले मोजलेले किती आणि भरलेले किती? जतनाच्या कामात अंदाजाने भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवणे आणि मूळ ठिपके मॉडेलसोबत जपून ठेवणे गरजेचे असते ते याचसाठी. अल्गोरिदम पुढे सुधारतील, जुन्या ठिपक्यांतून उद्या आजच्यापेक्षा चांगला पृष्ठभाग काढता येईल. १९७० च्या छायाचित्रांतून ३० वर्षांनी मूर्ती घडली ती याच मार्गाने. पण वस्तू नष्ट झाल्यावर नवा ठिपका मिळवता येत नाही. खाचा, चुण्या आणि कडा या नाजूक जागांवर ठिपके दाट टिपायचे असतील, तर ते वस्तू समोर उभी असतानाच टिपावे लागतात.